नर्मदेतले पाणघोडे आणि शिवालिकचे जिराफ: सस्तन प्राण्यांच्या फॉसिलबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठी भटकायला जाताना सोबत कोणी नवीन असलं की दर वेळी तेच प्रश्न येतात आणि मी दर वेळी तीच उत्तरं देतो, म्हणून एकदाचं बसून सगळं लिहून काढलंय. मी काही शास्त्रज्ञ नाही, वाचन आणि पायपीट एवढंच भांडवल. डायनासोरबद्दल इथं काही मिळणार नाही, त्यांचं कौतुक करायला बाकीचं जग आहे. इथं फक्त सस्तन प्राणी, म्हणजे हत्ती, घोडे, पाणघोडे, उंदीर, माकडं वगैरे, आणि त्यांच्यावरून तेव्हाचं रान, पाऊस, नद्या कशा होत्या ते कसं ओळखतात ते.

हाडाचा दगड होतो म्हणजे नक्की काय होतं?

प्राणी मेला आणि लवकर गाळात गाडला गेला तर जमिनीतल्या पाण्यातले क्षार, म्हणजे चुना, सिलिका, लोह हे हळूहळू हाडातल्या बारीक पोकळ्यांत भरत जातात, म्हणून फॉसिल हाड हातात घेतलं की वजनदार लागतं. यात महत्त्वाचं काय, तर लवकर गाडलं जाणं. उघड्यावर पडलं तर तरस, कोल्हे येतात, साळिंदर हाडं कुरतडतं, ऊन लागून भेगा पडतात, आणि काही वर्षांत भुगा. म्हणजे पूर येणारी नदी, तळं, गुहा अशा जागीच हाडं टिकतात. डोंगरमाथ्यावर जगून तिथंच मेलेल्या प्राण्यांचा पत्ताच लागत नाही, आणि हा पक्षपात फॉसिलच्या सगळ्या गोष्टींत आहे, तो पुढं परत येईल.

सगळे दातांच्याच मागे का लागलेले असतात? अख्खा सांगाडा का नाही?

अख्खा सांगाडा मिळाला तर कोणाला नकोय, पण मिळत नाही. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचा कडक पांढरा थर, जवळजवळ ९६ टक्के खनिजच असतं, म्हणजे प्राणी जिवंत असतानाच ते अर्धं दगड असतं म्हणा ना, म्हणून बाकी सगळं गेलं तरी दाढा राहतात.

आणि दाढ म्हणजे त्या प्राण्याचं ताट. बैलबाजारात जाणकार माणूस आधी बैलाचं तोंड उघडतो, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, असं तिथल्या तिथं वय सांगतो, तसंच फॉसिल अभ्यासणारे करतात, फक्त वयाबरोबर जेवणही बघतात. झाडाचा कोवळा पाला खाणाऱ्यांची दाढ बुटकी असते, कारण पाला मऊ. गवत खाणाऱ्यांची दाढ उंच असते, कारण गवतात सिलिकाचे बारीक कण असतात, वर जमिनीलगत चरायचं म्हटलं की माती आणि धूळ पण तोंडात जाते, दात झपाझप झिजतो, मग झिजायला शिल्लक जास्त हवी. घोड्याची दाढ बघा, हिरडीच्या आत केवढी लांब असते, आयुष्यभर झिजत वर येत राहते.

हत्तींचं तर अजून मजेशीर. स्टेगोडॉन नावाचा जुना हत्तीसारखा प्राणी होता, त्याच्या दाढेवर बुटके उंचवटे, आणि आजच्या हत्तीच्या दाढेवर एनॅमलच्या उंच पट्ट्या एकीला एक चिकटून, अगदी नुकतंच टाकी लावलेलं जातं असावं तशी. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की धान्य दळलं जात नाही म्हणून टाकवून घेतात ना, तोच प्रकार. त्यामुळं जुन्या थरात बुटक्या दाढांचे प्राणी जास्त आणि वरच्या थरात उंच दाढांचे जास्त असं दिसायला लागलं की संशय येतो, इथलं रान कमी होऊन गवत वाढलं की काय.

याशिवाय मायक्रोस्कोपखाली दातावरचे ओरखडे बघतात. गवत खाणाऱ्यांच्या दातावर समांतर ओरखडे जास्त, टणक फळं आणि बिया फोडणाऱ्यांच्या दातावर खड्डे जास्त. पण हे ओरखडे मरायच्या आधीच्या थोड्याच दिवसांचे असतात बरं का, पुढच्या जेवणानं मागचे पुसले जातात. म्हणजे दाढेची उंची सांगते पिढ्यानपिढ्या काय खाल्लं, आणि ओरखडे सांगतात शेवटचे काही दिवस काय खाल्लं. दोन्ही जुळलं नाही तर ते जास्त इंटरेस्टिंग.

आयसोटोप टेस्ट म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा ना

भात आणि भाकरीच्या भाषेत सांगतो. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, पण घ्यायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक सी-३, यात जवळपास सगळी झाडं, झुडपं, भात, गहू. दुसरी सी-४, यात ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातलं बहुतेक गवत. कार्बन दोन वजनांचा असतो, साधा १२ चा आणि थोडा जड १३ चा (एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड प्रकारांनाच आयसोटोप म्हणतात), आणि सी-३ झाडं जड कार्बन टाळतात तर सी-४ झाडं त्यामानानं कमी टाळतात. ज्या मापानं हे मोजतात त्यावर सी-३ झाडं साधारण उणे २७ ला येतात आणि सी-४ साधारण उणे १२ ला. मधली जागा मोकळी, त्यामुळं गोंधळ होत नाही.

आता जो जे खातो त्याच्या दातात तेच उतरतं, मोठ्या शाकाहारी प्राण्यांच्या एनॅमलमध्ये तो आकडा अंदाजे १४ नं वर सरकतो एवढंच. म्हणजे पाला खाणाऱ्याचा दात उणे १३ च्या आसपास, गवत खाणाऱ्याचा शून्याच्या जरा वर. पिढ्यानपिढ्या भात खाणारं कोकणातलं घर आणि ज्वारीची भाकरी खाणारं सोलापूरचं घर, दोघांच्या दातांत हा फरक दिसणार (मासे, डाळ, दूध धरून हिशोब थोडा वाकडा होतो, पण मुद्दा कळला असेल).

ऑक्सिजनचं पण असंच. त्यावरून प्यायलेल्या पाण्याचा अंदाज येतो, पावसाचं पाणी की आटत चाललेल्या डबक्याचं, कारण बाष्पीभवन झालं की हलका ऑक्सिजन आधी उडून जातो आणि जड मागं राहतो. घोड्याची दाढ वाढायला वर्षावर वेळ लागतो, त्यामुळं तिच्या उंचीवर ओळीनं बारीक बारीक नमुने घेतले की पावसाळा, उन्हाळा, परत पावसाळा असं वर-खाली होताना दिसतं. लाखो वर्षांपूर्वीच्या एका घोड्यानं बघितलेला एक पावसाळा! मला स्वतःला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

मग एक प्राणी सापडला की तिथलं हवामान ठरलं का?

नाही, आणि इथंच सगळ्यात जास्त गडबड होते. पेपरात बातमी येते, अमुक नदीत हत्तीचा दात सापडला, आणि खाली लगेच, इथं पूर्वी घनदाट जंगल होतं. अहो, हत्ती आज कुठं कुठं आहेत? केरळच्या सदाहरित रानात आहेत, राजाजीच्या साल वनात आहेत, आणि आफ्रिकेतले त्यांचे भाऊबंद नामिबियाच्या वाळवंटात पण आहेत. हत्तीवरून फार काही ठरत नाही.

काही प्राणी मात्र नखरेवाले असतात. पाणघोड्याची कातडी उन्हात कोरडी पडते, त्याला दिवसभर डुंबायला बारा महिने पाणी लागतं, म्हणून पाणघोडा सापडला की तिथं आटत नाही असं पाणी होतं हे बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. त्याला रात्री चरायला गवत पण लागतं. म्हणजे पाणघोडा एकटा दोन गोष्टी सांगतो.

उंदीर-घुशी तर याहून कामाच्या, कारण हत्ती शेकडो मैल फिरेल, उंदीर कुठं जातोय? तो जिथं मेला साधारण तिथलाच. म्हणून पोतीच्या पोती माती चाळणीवर धुवून त्यातून खसखशीएवढे दात वेचतात, कंटाळवाणं काम, फोटो पण चांगले येत नाहीत, पण माहिती तिथं जास्त. फक्त एक भानगड, गुहेत उंदरांची हाडं बहुतेक घुबडाच्या ओकाऱ्यांतून आलेली असतात, म्हणजे तिथले उंदीर म्हणजे घुबडाची आवड.

दुसरी गडबड म्हणजे नदी. पूर हाडं वाहून आणतो, शंभर वर्षांपूर्वीचं आणि हजार वर्षांपूर्वीचं एकाच वळणावर टाकतो. म्हणून नुसतं हे सापडलं ते सापडलं याला अर्थ नाही, कुठल्या थरात, कोणाच्या सोबत, हाड किती घासलंय, हे सगळं बघायला लागतं. एकट्या प्राण्याची साक्ष धरत नाहीत, अख्खी पंगत बघतात.

शिवालिकचं एवढं कौतुक का?

कारण तिथं थर एकावर एक रचलेले आहेत. हिमालय उचलला जात होता, नद्या त्याचा गाळ पायथ्याशी आणून टाकत होत्या, असं साधारण १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपासून आत्ता काही लाख वर्षांपूर्वीपर्यंत चाललं, हजारो मीटर जाडीचा गाळ साचला आणि मग तोच गाळ दुमडून, उचलला जाऊन टेकड्या झाल्या. पाकिस्तानातल्या पोटवार पठारापासून जम्मू, हिमाचल, चंदीगडच्या आसपास, उत्तराखंड, नेपाळ, अशी ती रांग. जगात एवढा लांब आणि एवढा सलग सस्तन प्राण्यांचा रेकॉर्ड फार कमी ठिकाणी आहे.

तिथं हाडं सापडतात हे लोकांना आधीपासून माहीत होतंच. फिरोजशाह तुघलकाच्या काळात, चौदाव्या शतकात, कालव्यासाठी टेकडी खोदताना मोठाली हाडं निघाल्याची नोंद फरिश्त्याच्या इतिहासात आहे. मग १८३० च्या दशकात ह्यू फाल्कनर हा डॉक्टर, सहारनपूरच्या बोटॅनिकल गार्डनचा प्रमुख, आणि प्रोबी कॉटली हा कालवे बांधणारा इंजिनियर (पुढं गंगेचा मोठा कालवा यानंच बांधला), या दोघांनी तिथून ढिगानं फॉसिल गोळा केले. १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं दोघांना वोलास्टन मेडल दिलं. नावं ठेवताना त्यांनी आपल्या देवांना पण सोडलं नाही, शंकराच्या नावानं सिवाथेरियम, आणि स्टेगोडॉनच्या एका जातीला चक्क गणेशा! त्या गणेशाचे सुळे एकमेकांना इतके चिकटून होते की मधून सोंड खाली सोडायला जागाच नव्हती, बाजूला टाकायला लागत असणार.

पण माझ्या मते शिवालिकची खरी गोष्ट त्या मोठ्या हाडांत नाहीच, गवतात आहे. १९८९ मध्ये जे क्वेड, थ्युर सेरलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटवारच्या जुन्या मातीच्या थरांतला कार्बन तपासून दाखवलं की साधारण ८० ते ७० लाख वर्षांपूर्वी सी-३ चा आकडा सोडून तो सी-४ कडे वळला. म्हणजे रान आणि झाडीचा प्रदेश बदलत जाऊन उष्ण गवताळ मैदान झालं. प्राण्यांच्या दातांत पण तेच दिसलं, आणि नुसतं दातांत नाही, प्राणीच बदलले. पाला-फळं खाणारे बरेच गट कमी होत होत नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी गवत चालणारे आले. मजा म्हणजे तीन बोटांचा हिप्पेरियन घोडा तिथं १ कोटी ७-८ लाख वर्षांपूर्वीच पोचला होता, उंच दाढा घेऊन, म्हणजे गवताचं राज्य यायच्या बऱ्याच आधी. म्हणून घोडा दिसला की गवताळ प्रदेश असं सरळ समीकरण मांडू नका, त्यानं आधी काय खाल्लं ते दाताला विचारा.

हा बदल कशामुळं झाला यावर वाद आहे. आधी म्हणायचे हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला, कारण कमी कार्बन डायऑक्साइडमध्ये सी-४ गवताचं चांगलं चालतं. आता पाऊस वर्षाच्या ठरावीक महिन्यांत गोळा होणं, कोरडा काळ लांबणं, आणि त्यामुळं लागणारे वणवे, यांना पण तेवढंच महत्त्व देतात. वणवा लागला की झाडाचं रोप मरतं आणि गवत पुढच्या पावसात परत उगवतं, हे आपल्या सह्याद्रीच्या कुरणांत कुणीही बघू शकतं.

भारतात जिराफ होते हे खरं आहे?

हो. शिवालिकमध्ये जिराफाच्या नात्यातले बरेच प्राणी होते. सिवाथेरियम त्यातलाच, पण मान आखूड, अंग रेड्यासारखं भक्कम, डोक्यावर रुंद फांद्यांसारखी शिंगं. आणि खरा, लांब मानेचा जिराफ पण होता, जिराफा सिवालेन्सिस. उंट होते, पाणघोडे होते. आजच्या आफ्रिकेचा सिनेमा पायथ्याच्या टेकड्यांत चालू होता असं समजा, फक्त नट वेगळे.

शाळेत रामापिथेकस माणसाचा पूर्वज म्हणून शिकलो होतो, त्याचं काय झालं?

तो गेला. म्हणजे जबडा आहे अजून, पण नाव आणि मान दोन्ही गेलं. १९३२ मध्ये शिवालिकमध्ये सापडलेल्या जबड्याच्या एका तुकड्याला एडवर्ड लुईसनं १९३४ मध्ये रामाचं नाव दिलं, आणि पुढं त्या तुकड्यावर माणसाच्या वंशावळीचा मोठा इमला उभा राहिला. मग पोटवारमध्ये सिवापिथेकस या एपचा, म्हणजे बिनशेपटीच्या मोठ्या वानराचा, बराचसा चेहरा सापडला, डेव्हिड पिलबीमनं १९८२ मध्ये तो मांडला, आणि तो चेहरा दिसायला थेट ओरांगउटानसारखा निघाला. रामापिथेकस म्हणजे सिवापिथेकसच, असं ठरलं. तुकड्यावरून कादंबरी लिहू नये, दुसरं काय.

आपल्या विषयाशी संबंध असा की हा एप साधारण ८५ लाख वर्षांपूर्वी पोटवारमधून नाहीसा होतो, म्हणजे वर सांगितलेला तो रानाचा बदल सुरू होतो त्याच सुमारास. फळं वर्षभर मिळाली तरच अशा एपचं चालतं.

देवमाशाचे पूर्वज जम्मूत? तिथं समुद्र कुठाय?

हा माझा आवडता प्रश्न. राजौरी जिल्ह्यात कालाकोटला साधारण ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे थर आहेत. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकानं तिथून दगड गोळा केले होते, ते त्यांच्या मागं डेहराडूनच्या घरात तसेच राहिले, त्यांच्या पत्नीनं पुढं ते हान्स थेविसन या शास्त्रज्ञाला दिले आणि दगड फोडता फोडता एक कवटी फुटली. कानाचं हाड एका बाजूनं जाड होतं, तसं फक्त देवमाशांच्या घराण्यात असतं. तो प्राणी इंडोहायस, मांजरापेक्षा फार मोठा नाही, पाय हरणासारखे बारीक. २००७ मध्ये हे छापून आलं.

आता तो पाण्यात जायचा हे कसं कळलं? एक म्हणजे हाडं आतून भरीव आणि जड, पाण्यात तळाशी चालणाऱ्या प्राण्यांची असतात तशी. दुसरं ऑक्सिजन, तोही पाण्यातल्या प्राण्यांसारखा. आफ्रिकेतलं छोटं हरीण, आपल्या पिसोरीचं नातलग, धोका दिसला की सरळ पाण्यात बुडी मारतं, तसंच काहीसं हा करत असावा.

आणि समुद्र होता ना. भारताची जमीन आशियाला भिडत होती, मधला समुद्र आटत, उथळ होत चालला होता. कच्छमध्ये अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७० च्या दशकात जुन्या देवमाशांचे फॉसिल अभ्यासले, ते इंडोहायसच्या नंतरचे आणि बऱ्यापैकी पाण्याला सरावलेले. आज कच्छमध्ये उभं राहिलं की घशाला कोरड पडते आणि पायाखाली देवमासा.

जाता जाता सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीचं नाव घ्यायलाच पाहिजे. तिथं याहून जुने, साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे थर, त्यात कॅम्बेथेरियम नावाचा, घोडा-गेंडा-टॅपिर या घराण्याच्या मुळाजवळचा प्राणी, सोबत वटवाघळं आणि चिमुकली प्रायमेट, म्हणजे माकड-माणसाच्या घराण्यातले प्राणी. खाणीतल्या राळेत अडकलेले किडे पण आहेत आणि ती राळ सालाच्या कुळातल्या झाडांची आहे, म्हणजे खाडीकाठचं दमट, उष्ण, दाट रान. बघा, इथं प्राण्याबरोबर झाडानंच साक्ष दिली.

महाराष्ट्रात काय आहे? की सगळं उत्तरेतच?

आपली अडचण अशी की आपण काळ्या दगडावर बसलोय. दख्खनचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे पसरला, आणि त्यानंतर आपल्याकडं गाळ साचून टिकायला जागाच फारशी नव्हती, पठार झिजतच राहिलं. त्यामुळं शिवालिकसारखं मधलं पुस्तक आपल्याकडं कोरं. सुरुवातीची काही पानं आणि शेवटची काही पानं, बस.

सुरुवातीची पानं म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधली तळी. लाव्हा थांबला की शेकडो-हजारो वर्षं तिथं तळं, झाडं, प्राणी, मग परत लाव्हा. तेलंगणातल्या नास्कल गावाजवळच्या अशाच थरात टाचणीच्या डोक्याएवढ्या दातांचा डेक्कनोलेस्टेस नावाचा चिमुकला सस्तन प्राणी सापडला, १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि साहनी यांनी तो जगापुढं आणला. घोट्याच्या हाडांवरून तो झाडावर चढणारा असावा. त्याचं पूर्ण नाव डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी, आणि हा हिस्लोप म्हणजे आपल्या नागपूरचा स्टीफन हिस्लोप, ज्याच्या नावाचं कॉलेज आहे तोच. नागपूरच्या आसपास फॉसिल वेचत फिरणारा हा पाद्री १८६३ मध्ये टाकळघाटच्या बाजूला ओढ्यात वाहून गेला.

शेवटची पानं म्हणजे आपल्या नद्यांचे काठ. गोदावरी, प्रवरा, मांजरा, घोड, तापी यांच्या उंच दरडींत पिवळसर गाळ आणि चुनखडीच्या गोट्यांचे थर दिसतात, त्यात फॉसिल आहेत. नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूच्या गाळातल्या सरळ सुळ्यांच्या प्रचंड हत्तीबद्दल, पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकसबद्दल, गाय पिलग्रिमनं १९०५ मध्येच लिहिलं होतं. आज तिथं लोक फ्लेमिंगो बघायला जातात. पैठणजवळ काळेगावला रानबैलाचे अवशेष मिळाले, लातूरकडं मांजरेच्या काठी हत्ती, रानबैल, पाणघोडा. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी यावर पिढ्यानपिढ्या काम केलंय, जी. एल. बदाम यांचं १९७९ चं प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगांच्या काळातल्या प्राण्यांवरचं पुस्तक अजून लोक उघडतात.

लातूर आणि पाणघोडा. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणायला लागलं त्याच जिल्ह्यात बारमाही डोह होते.

आणि याच्या उलट जळगाव जिल्ह्यातलं पाटणे, चाळीसगावजवळ. तिथं १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा सापडला, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग सस्तन नाही हे मला माहीत आहे, पण सोडवत नाही. भारतातल्या अशा कवचांतून हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं डीएनए काढला आणि २०१७ मध्ये दाखवलं की हे आफ्रिकेतल्या शहामृगाचंच. शहामृगाला उघडं, कोरडं माळरान लागतं. आता पाणघोडा आणि शहामृग एकाच राज्यात कसे? काळ वेगळा असू शकतो, आणि एकाच काळात नदीचा डोह आणि त्याच्या वरचं माळरान दोन्ही शेजारी असू शकतात. आजही मेळघाट आणि माणदेश एकाच राज्यात आहेत की.

वय कसं काढतात? कार्बन डेटिंगच ना?

लोकांना वाटतं कार्बन डेटिंग म्हणजे सगळं. ते जेमतेम ५० हजार वर्षांपर्यंत चालतं, आणि आपल्या उष्ण हवेत हाडातलं कोलॅजन, म्हणजे ज्यावर ही टेस्ट करतात ते प्रथिन, टिकतच नाही, मग करणार कशावर? शिवालिकमध्ये पृथ्वीचं चुंबकत्व मदतीला येतं, उत्तर-दक्षिण ध्रुव अधूनमधून उलटतात आणि त्याची खूण गाळात राहते, त्या खुणा आणि ज्वालामुखीची राख मिळून वय बसवतात. नदीच्या अलीकडच्या गाळात वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी बघितलं ते मोजायची पद्धत आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीवर बोरीला इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची राख आहे, पण टोबाच्या कुठल्या उद्रेकाची यावर भांडणं झाली आहेत, ७४ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याच्या कित्येक लाख वर्षं आधीच्या. राखेचं वय बदललं की तिच्या खालच्या-वरच्या सगळ्यांचं वय बदलतं, म्हणून भांडण.

मग ते पाणघोडे गेले कुठं? माणसानं खाल्ले का?

सरळ उत्तर नाही. नर्मदेच्या खोऱ्यात पाणघोडा, स्टेगोडॉन, मोठा हत्ती, रानबैल, घोडा सगळे होते, आणि माणूस पण होता. हाथनोराला ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना जुन्या मानवाची कवटी सापडली ती याच गाळात. म्हणजे माणूस आणि हे प्राणी इथं फार मोठा काळ शेजारी राहिले. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत माणूस अचानक गेला आणि मोठे प्राणी भराभर संपले, तसं आपल्याकडं झालेलं दिसत नाही. २०२१ च्या एका आढाव्यानुसार साधारण ३० हजार वर्षांपूर्वीपासून पुढं मोठा हत्ती, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि एक जुना घोडा असे चार गेले, शिवाय आपल्या वशिंडवाल्या गाईचा रानटी पूर्वज.

आणि बाकीचे? आंध्रात कर्नूलच्या बिल्लासुरगम गुहांमध्ये २१ सस्तन प्राण्यांपैकी २० निदान एक लाख वर्षांपासून आजपर्यंत टिकून आहेत असं २०१४ मध्ये छापून आलं. त्या एक लाख वर्षांत पाऊस कमी झाला, वाढला, टोबा फुटला, आणि यातले बरेच इकडून तिकडं सरकले, पण टिकले. पाणघोड्याला मात्र सरकायला पाण्याचीच वाट लागते, डोह तुटक झाले की तो अडकला. हा शेवटचा भाग माझा अंदाज आहे असं समजा, माणसाचा हात नव्हताच असंही म्हणत नाही.

भारतात केसाळ मॅमथ होते का?

नाही. पुढचा प्रश्न.

हे सगळं बघायला कुठं मिळेल?

कोलकात्याचं इंडियन म्युझियम, शिवालिकसाठी तेच. पुण्यात डेक्कन कॉलेजचं म्युझियम, आधी फोन करून जा. हिमाचलमध्ये काला अंबजवळ सुकेतीचा फॉसिल पार्क आहे, १९७४ चा, फायबरग्लासचे मोठे प्राणी उभे केलेत, पोरं खूश होतात, मॉडेलं जुनी झालीत पण आजूबाजूच्या टेकड्या बघा, खरा माल तोच.

नदीत वजनदार हाड सापडलं तर काय करायचं?

आधी ते फॉसिल आहे का बघा. जुने लोक हाडाला जीभ लावून बघतात, सच्छिद्र असेल तर जीभ चिकटते, पण आजच्या नद्यांचं पाणी बघता मी ही युक्ती सुचवणार नाही. मी स्वतः एकदा प्रवरेच्या वाळूतून आठवडाभर जपून आणलेलं हाड एका जाणत्या माणसाला दाखवलं, त्यांनी बघितलं आणि विचारलं, गावात खाटीक कुठं बसतो?

फॉसिल वाटलं तर वाळूत सुटं पडलेलं आणि दरडीत अडकलेलं यातला फरक ओळखा. सुटं पडलेलं म्हणजे पुरानं आणलेलं, त्याचा मूळ पत्ता गेलेला. दरडीत अडकलेलं असेल तर कृपा करून उपटू नका, त्याचा थर हीच त्याची किंमत. जवळून एक फोटो, बाजूला नाणं किंवा पेन ठेवून, आणि लांबून एक फोटो ज्यात अख्खी दरड दिसेल, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा, आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र किंवा पुरातत्त्व विभागाला पाठवा. आणि पावसाळ्याच्या आधी पाठवा, एका पुरात दरड अख्खी खाली येते.